वाळूत तीस हवा

शनिवारी सकाळी नाहूरच्या सुयोग सोसायटीतली माणसं दूध घ्यायला खाली उतरली, तेव्हा कंपाउंडात एक दीपगृह आलेलं होतं. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, प्लायवूडचं, तीन तुकड्यांत कापलेलं आणि एका ट्रकमध्ये दोरखंडाने आवळून आडवं घातलेलं. वॉचमनने रात्री रजिस्टरात ‘मोठा पाइप, एक’ अशी नोंद करून ठेवली होती. सेक्रेटरींनी ती खोडून ‘तात्पुरते बांधकाम’ असं लिहिलं आणि सोसायटीच्या आवारात विनापरवानगी बांधकाम आणल्याबद्दल खुलासा मागायला ते दुसऱ्या मजल्यावर चंद्रप्रकाश खरातांकडे गेले.

खरातांनी दार उघडलं तेव्हा ते पूर्ण तयार होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं केस. त्या केसमध्ये चष्मा नसतो हे अख्ख्या सोसायटीला माहीत होतं. त्यात त्यांचं प्रेशर गेज असायचं. साकीनाक्याच्या एका गाळ्यात खरात एकोणतीस वर्षं लोकांची गेजं तपासून देत आले होते. बॉयलरची, कॉम्प्रेसरची, सिलिंडरची. काटा बरोबर असेल तर ते त्यावर एक गोल हिरवा स्टिकर लावायचे आणि सही करायचे. आपल्या सहीशिवाय साकीनाक्यातला काटा हलत नाही, असं ते स्वतः सांगत. पेट्रोल पंपावरचे हवा भरणारे त्यांची स्कूटर दिसली की चहाला जात. आणि दर रविवारी सकाळी सोसायटीतल्या यच्चयावत गाड्यांची हवा तपासून, ज्याची दोन पॉइंट कमी असेल त्याच्या घरी जाऊन ती बातमी द्यायची, हा नियम त्यांनी स्वतःच सुरू केला होता. कमी हवेची गाडी बघितली की खरातांना मनापासून वाईट वाटायचं.

तर दीपगृह त्यांच्या मुलीचं होतं. प्रांजल जाहिरातींच्या शूटिंगसाठी सेट उभारणाऱ्यांकडे कामाला लागली होती आणि पहिल्यांदाच तिला एक वस्तू एकटीच्या जबाबदारीवर मिळाली होती. मढच्या अलीकडच्या किनाऱ्यावर, सूर्य मावळताना, दीपगृहाखाली उभं राहून एक मुलगी बिस्किट खाणार होती. सूर्य काही कुणासाठी थांबणार नव्हता, त्यामुळे चारच्या ठोक्याला दीपगृह उभं हवं होतं. आणि शुक्रवारी दुपारी ठरलेल्या ट्रकवाल्याने फोन बंद करून ठेवला.

प्रांजल रडकुंडीला आली. खरात म्हणाले, "त्यात काय एवढं? नाहूर ते मढ. मी नेतो."

हे बोलण्यामागे एक गोष्ट होती. प्रांजलने बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांना वाटायचं, तिला ते वाटत नव्हतं, आणि गेले आठ महिने बापलेकीत जेवणाच्या ताटावर नुसतं ‘मीठ दे’ एवढंच बोलणं उरलं होतं. शिवाय लेक कॉलेजच्या फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायापुढे ‘प्रायव्हेट सर्व्हिस’ लिहायची, हे त्यांनी एकदा बघितलं होतं. बोलले नव्हते, पण विसरलेही नव्हते.

ट्रक मेव्हण्याचा, म्हणजे निलेशचा. निलेशचा पाय प्लास्टरमध्ये होता. एरवी त्याने ट्रकची किल्ली जन्मात दाजींच्या हातात दिली नसती. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी दाजींची टिंगल करायची एकही संधी त्याने सोडली नव्हती.

"जय भीम, दाजी," तो फोनवर म्हणाला होता. "गाडी घेऊन जा. पण एक आहे, ट्रक हाय तो, गेज न्हाय. अ‍ॅक्सिलेटर दाबल्यावर पळतो."

लग्नाआधी तीन वर्षं गाळ्याचा ट्रक चालवलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. खरातांनी ऐकून घेतलं आणि उत्तरादाखल ट्रकच्या सहाही चाकांत, दाराजवळच्या प्लेटवर लिहिली होती तेवढी हवा भरली. पुढे पासष्ट, मागे पंचाहत्तर. एक पॉइंट इकडे नाही की तिकडे नाही.

सेक्रेटरींना खुलासा देईपर्यंत खाली सल्ल्यांचं दुकान उघडलं होतं. अबोली ताईंचं म्हणणं, लिंक रोडने जाऊ नका. तळमजल्यावरच्या राजेशचं म्हणणं, लिंक रोडनेच जा. एकाने दीपगृहावर ताडपत्री घालायला सांगितलं, नाहीतर पोलीस अडवतील. दुसऱ्याने ताडपत्री काढायला सांगितलं, कारण काय लपवलंय म्हणून पोलीस अडवतील. या गोंधळात तिसऱ्या मजल्यावरचे अनंत परब लुंगी सावरत ट्रकभोवती फिरले, टायरला एक लाथ मारली आणि म्हणाले, "खरातानु, वाळयेत जातलास तर हवा काढूक होई हां."

खरातांसमोर हवा काढा म्हणायचं? लोकांनी परबांकडे कीव आल्यासारखं बघितलं.

"परब," खरात शक्य तितक्या सौम्यपणे म्हणाले, "प्लेटवर पंचाहत्तर लिहिलंय."

"लिवलेला आसात. मी मालवणाक मामाच्या वाळयेच्या ट्रकार चार वर्सा क्लीनर होतंय. खयची वाळू ता इचारू नको."

तेरा चुकीच्या सल्ल्यांमध्ये हा एक बरोबर सल्ला होता, आणि तो बाकीच्यांबरोबरच वाया गेला. परब मात्र ट्रकमध्ये चढून बसले. शनिवारी त्यांना दुसरं काही काम नव्हतं. त्यांच्या पलीकडे खिडकीशी खरातांच्या सौभाग्यवती अनुपमा, मांडीवर चार पुडांचा डबा घेऊन. नवरा, भावाचा ट्रक आणि लेकीची नोकरी या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी समुद्रावर चालल्यात म्हटल्यावर ती घरी बसणार नव्हती. प्रांजल युनिटच्या गाडीने पहाटेच पुढे गेली होती.

मालाड, मालवणी, मार्वे असं करत ट्रक उत्तम आला. खरातांनी तर अनुपमाला दोनदा ऐकवलं की गाडी एवढी मऊ चालतेय ती हवा बरोबर असल्यामुळे. किनाऱ्याच्या तोंडाशी चौकी होती. तिथल्या साहेबांनी शूटिंगचा परवाना उलटासुलटा वाचला आणि ट्रककडे बघितलं.

"हे काय आहे?"

"दीपगृह," खरात म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दीपगृहाची परवानगी कुठंय? यात खुर्च्या, छत्र्या, जनरेटर आणि एक घोडा लिहिलाय. दीपगृह नाही."

"खोटं आहे हो ते. प्लायवूडचं."

"दिवा लागणार का?"

"लागणार."

"मग खोटं कसं?" साहेबांनी पेन खाली ठेवलं. "उद्या एखादी बोट दिवा बघून इकडे वळली तर कुणाला विचारायचं? मला विचारतील ना?"

खरातांना खरं तर साहेबांचं म्हणणं पटलंच होतं. आपल्यासारखाच विचार करणारा माणूस भेटल्याचा त्यांना थोडा आनंदही झाला. शेवटी अनुपमाने डब्यातली एक पुरणपोळी कागदावर काढून टेबलावर ठेवली आणि साहेबांनी खरातांकडून लिहून घेतलं की ‘सदर दीपगृह हे खोटे असून त्याच्या दिव्यामुळे कोणत्याही नौकेची दिशाभूल झाल्यास त्याची संपूर्ण जबाबदारी खाली सही करणाऱ्याची राहील.’ खरातांनी तारखेसह सही केली. या सगळ्यात पाऊण तास गेला. बारा वाजले.

दीपगृहाची जागा चौकीपासून दोनशे पावलांवर, भरतीचं पाणी पोचत नाही अशा उंचवट्यावर होती. मधे कोरडी, भुसभुशीत वाळू. प्रांजल लांबून दोन्ही हात हलवत होती. खरातांनी दुसरा गिअर टाकला, ट्रक डौलात वाळूवर उतरला, पन्नास पावलं गेला आणि मग मागून कुणीतरी जोरात ढकलल्यासारखा उडाला.

धप.

खरातांनी अ‍ॅक्सिलेटर दाबला. धप, धप, धप! ट्रकचं बूड उड्या मारायला लागलं. चाकं जागेवर गरगर फिरत, मधेच वाळू पकडत, मधेच सोडत, आणि प्रत्येक पकडीला मागचा अ‍ॅक्सल वर उसळून खाली आदळत होता. अनुपमाच्या मांडीवरचा डबा परबांच्या मांडीवर गेला आणि वांग्याची भाजी परबांच्या लुंगीवर. मागे दीपगृहाचा वरचा तुकडा दोरखंडात खडखड वाजत होता. तेवढ्यात डॅशबोर्डवरचा फोन वाजला आणि निलेशचा चेहरा पडद्यावर उमटला.

"दाजी, पोचला का? तो आवाज कसला?"

"समुद्राचा," खरात म्हणाले आणि त्यांनी फोन पालथा घातला.

युनिटची माणसं गोळा झाली. आता सल्ले हिंदीतून सुरू झाले. जनरेटरच्या गाडीचा ड्रायव्हर मिथुन, कानावर पेन्सिल खोचलेला बिनधास्त गडी, तो पुढे झाला. "अंकल, फर्स्ट में डालो और फुल दबाओ. झकास निकलेगी." खरातांनी फर्स्ट टाकला आणि फुल दाबला. ट्रक चारदा इतका जोरात उडाला की किनाऱ्यावरचा घोडा दावं तोडून पळाला, आणि चाकं अर्धी वाळूत गेली. मिथुन म्हणाला, "अभी तो वाट लग गई," आणि चहा प्यायला निघून गेला.

"बस कर मरे!" परब ओरडले. "आनी दोनदा उडालो तर शाफ्ट मोडतलो. टायर दगडासारखो टणक. वाळू धरता नि सोडता, धरता नि सोडता. उडतलो नाय तर काय करतलो? हवा काढ."

"प्लेटवर पंचाहत्तर लिहिलंय," खरात म्हणाले. आवाज मात्र सकाळचा नव्हता.

प्रांजल धावत आली. तिचा चेहरा लाल झाला होता, उन्हाने की कशाने ते कळत नव्हतं. "पप्पा, सर म्हणतात तीनपर्यंत सामान जागेवर आलं नाही तर दीपगृहाशिवाय शूट करायचं." ती थांबली. "आणि माझ्याशिवाय. आणि भरतीचं पाणी साडेतीनला इथे येतं, असं कोळीण मावशी सांगतेय. इथे म्हणजे तुमच्या चाकाशी."

खरातांनी समुद्राकडे बघितलं. तो अजून लांब होता, पण येत होता. मेव्हण्याचा ट्रक, लेकीची नोकरी आणि आपली सही केलेलं दीपगृह एकदम पाण्यात जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसलं.

परबांनी तोवर वाट बघणं सोडलं होतं. त्यांनी एक काडी घेऊन मागच्या डाव्या चाकांची हवा सोडायला सुरुवात केली होती. फुस्स. अंदाजाने. बोटाने टायर दाबून बघत. "आता चालव," ते म्हणाले. खरातांनी चालवला. डावी बाजू जरा पुढे सरकली, उजवी टणक बाजू थयथय नाचली, आणि ट्रक तिरका होऊन अजून खोल बसला.

हे बघून खरातांच्या आतलं काहीतरी उसळून वर आलं. ते खाली उतरले.

"परब! किती काढली?"

"थोडी."

"थोडी म्हणजे किती? डाव्या बाहेरच्यात किती, आतल्यात किती?"

"अरे, अंदाजान काढतत ती."

"अंदाजाने?" खरातांचा आवाज घोड्यापर्यंत गेला. "दोन बाजूंना वेगळी हवा? माणूस आहात की कोण?"

हवा काढणं हे पाप होतंच, पण अंदाजाने काढणं हे त्याहून मोठं. ते तरातरा दाराजवळच्या प्लेटपाशी गेले. परबांना ती वाचूनच दाखवायची होती. वाळूने माखलेली प्लेट त्यांनी रुमालाने पुसली. पुढे पासष्ट, मागे पंचाहत्तर. ते आकडे त्यांना पाठ होते. पण त्या आकड्यांखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, एक ओळ होती. एकोणतीस वर्षं आकडे वाचणाऱ्या माणसाने ती ओळ कधी वाचलीच नव्हती. खरातांनी डोळे बारीक केले. ‘भरलेल्या गाडीसाठी, पक्क्या रस्त्यावर.’

खरातांनी रुमाल खिशात ठेवला. खाली बघितलं. सगळीकडे वाळू होती. पक्का रस्ता चौकीपाशीच संपला होता.

"अनुपमा," ते म्हणाले, "प्लेटची काही हरकत नाही."

"मग करा की," अनुपमा म्हणाली. "मुहूर्त बघताय का?"

पुढचा दीड तास त्या किनाऱ्यावरच्या लोकांनी जे बघितलं ते ते अजून सांगतात. खरातांनी शर्ट काढून घडी करून सीटवर ठेवला. बनियनवर, वाळूत पालथे पडून, चष्म्याचं केस उघडून त्यांनी गेज काढलं. "परब, काय आकडा होता तुमच्या मामाचा?"

"मामाकडे आकडो खय? टायर पोट सुटल्यासारखो दिसाक लागलो की बस."

"पोट सुटल्यासारखा," खरातांनी मान डोलावली आणि कामाला लागले. पंचेचाळीसला टायर ताठच. चाळीसला जरा बसला. पस्तीस. परब चाकाकडे तोंड करून उकिडवे बसलेले. तीसला परब ओरडले, "हां! ह्योच मामाचो टायर!"

"तीस," खरात म्हणाले. "सहाही चाकांत. तीस म्हणजे तीस."

बाहेरची चाकं सोपी होती. मागच्या जोडीतल्या आतल्या चाकांचा व्हॉल्व मात्र बाहेरून दिसतही नव्हता. खरात ट्रकखाली छातीपर्यंत शिरले. वरून प्रांजल मोबाइलचा उजेड दाखवत होती. परबांनी हवा काढलेल्या डाव्या चाकांत वीसच उरली होती. आता ती भरायची कशी? प्रांजल धावत मिथुनकडे गेली आणि त्याचा पायपंप घेऊन आली. लेकीने पंप मारला, बापाने आकडा सांगितला. अठ्ठावीस. एकोणतीस. "अजून अर्धा, बाळा." आठ महिन्यांत दोघं इतकं बोलले नव्हते. अनुपमाने स्पॉटबॉयना वांग्याची उरलेली भाजी आणि पोळ्या देऊन त्यांच्याकडून चाकांपुढची वाळू उपसून घेतली.

पावणेतीन. पाण्याची एक जीभ दहा पावलांवर येऊन परत गेली.

"दुसऱ्यात घाल," परब म्हणाले. "नि दाबू नको. देवळात जाताव तसो जा."

खरातांनी दुसरा गिअर टाकला. क्लच हळूच सोडला. सगळ्यांनी श्वास धरला, आणि धप झालं नाही. काहीच झालं नाही. म्हणजे ट्रक चालायला लागला. पसरलेली चाकं वाळूवर बसत, वाळू न फेकता, एकही उडी न मारता, दीपगृह घेऊन निघाली. उरलेली दीडशे पावलं. मागे रुंद, सपाट, रेखीव पट्टे उमटत गेले. प्रांजल ट्रकबरोबर पळत होती आणि हसत होती. खरातांनी एकदाही अ‍ॅक्सिलेटर दाबला नाही. डोळ्यांत मात्र पाणी आलं. वाळू गेली असं त्यांनी नंतर सांगितलं.

तीनला पाच मिनिटं कमी असताना सामान जागेवर होतं. चारला दीपगृह उभं होतं.

आणि सव्वापाचला मिथुन आला. कानावरची पेन्सिल गायब. दिव्यासाठी जनरेटर जवळ आणायला तो वाळूत उतरला होता, फर्स्ट टाकून फुल दाबला होता, आणि त्याची गाडी आता उड्या मारून मारून थकली होती. सूर्य उतरायला लागला होता. जनरेटर नाही म्हणजे दिवा नाही.

"वो हवा वाले सर किधर हैं?" त्याने विचारलं.

खरातांनी आयुष्यात बरंच काही ऐकलं होतं, पण हे नव्हतं. ते सावकाश उठले. शर्ट घातला, बटणं लावली, मग तो परत काढून घडी करून परबांच्या हातात दिला, आणि गाडीभोवती एक फेरी मारली. "ही हलकी आहे," ते म्हणाले. "हिला अठ्ठावीस." वीस मिनिटांत जनरेटर दीपगृहाला जाऊन टेकला. दिवा लागला. त्या मुलीने बिस्किट खाल्लं. चौकीवरचे साहेब स्वतः येऊन, समुद्राकडे डोळे लावून शेवटपर्यंत उभे राहिले. एकही बोट वळली नाही, याची त्यांनी वहीत वेळ घालून नोंद केली.

शूट संपल्यावर ते सर, म्हणजे प्रांजलचे वरिष्ठ, टाळ्या वाजवत आले. "प्रांजल, वेल डन यार. पण ट्रक काढला कुणी? कोण आहेत हे?"

वाळूने भरलेला बनियन, केसांत शिंपले, हातात गेज. खरातांना वाटलं आपण जरा ट्रकमागे व्हावं.

"माझे पप्पा," प्रांजल म्हणाली आणि तिने त्यांचा दंड धरला. "साकीनाक्याला गेज तपासतात. त्यांच्या सहीशिवाय तिथला काटा हलत नाही."

परतीला ट्रक तीस हवेवर कूर्मगतीने मढच्या पंक्चरवाल्यापर्यंत आला. सहाही चाकं पुन्हा पासष्ट-पंचाहत्तर झाली, कारण आता रस्ता पक्का होता. पंक्चरवाल्याचं गेज चार पॉइंट चुकीचं दाखवत होतं. खरातांनी ते त्याला सांगितलं, दुरुस्त करून दिलं आणि चहाही प्यायले.

दुसऱ्या दिवशी ट्रक परत करायला गेले, तेव्हा निलेश प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून गॅलरीत बसला होता. प्रांजलने त्याला व्हिडिओ आधीच पाठवला होता. दाजींचं काय चुकलं ते शोधायला तो लंगडत खाली आला, शाफ्ट बघितला, चाकं बघितली, शेवटी दार उघडलं. प्लेटखाली एक गोल हिरवा स्टिकर लावलेला होता. साकीनाक्याचा, सहीचा. त्यावर बारीक, सुबक अक्षरांत लिहिलं होतं: ‘वाळूत तीस, सहाही चाकांत. आकडा: चं. खरात. अंदाज: अ. परब.’

निलेशने ते दोनदा वाचलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला काही सुचलं नाही.

"दाजी," तो म्हणाला, "वर या. जेवूनच जा."

खरात वर गेले. जाताना त्यांनी ट्रकच्या पुढच्या चाकावर हलकेच एक थाप मारली. मग तिथेच थांबून, खिशातून केस काढून, हवा एकदा तपासलीच. पासष्ट होती.